डब्याचं टेबल

(देवपूर, धुळे इथे बायकांच्या एका बैठकीत केलेलं भाषण)



'कॉम्प्युटर कंपनीतल्या बाईचं जग' यावर बोल, असं मला सांगितलं आहे. समोर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुली बसल्यात, काहींच्या आयाही आल्यात. मागे माझी आई बसली आहे. मी नेमकं काय काम करते, हे तिला अजून नीट कळलेलं नाही. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम चालवून बघायचा, कुठे अडतो ते शोधायचं, लिहून परत पाठवायचं. पंगतीत वाढण्याआधी भाजीचं मीठ बघणारी बाई असते ना, ती मी. मीठ चुकलं असं सांगितलं की स्वयंपाक करणाऱ्याला राग येतो, नाही सांगितलं तर जेवणाऱ्याला. आई, एवढंच.

शिकले इथेच, देवपुरात. घर पांझरेच्या या काठाला, कॉलेजही याच काठाला. पूल ओलांडायचा तो बाजारासाठी. मग एकदम २०११ साली रात्रीच्या गाडीनं मालेगाव, मनमाड, शिर्डी, नगर करत पुणं गाठलं आणि हिंजवडीत नोकरीला लागले. टीममध्ये चेन्नईचे, लखनौचे, कोल्हापूरचे. माझं इंग्रजी पुस्तकातलं, तोंडातून बाहेर यायला तयार नसायचं. पहिले आठ दिवस मी फक्त 'येस' आणि 'ओके' म्हणाले. नवव्या दिवशी बाथरूममध्ये हात धुताना शेजारची मुलगी फोनवर बोलत होती, "माले आज उशीर व्हई व माय." मी नळ बंद करायचीच विसरले. तिनं फोन ठेवल्याबरोबर विचारलं, "तू कोठली शे व?" ती निघाली शिंदखेड्याकडची. त्या दिवसापासून कंपनीत आम्ही दोघी झालो, आणि दोघी झाल्या की डबा एकत्र खाल्ला जातो.

हे डब्याचं टेबल म्हणजे कँटीनच्या कोपऱ्यातलं, खिडकीजवळचं. त्याला एक खुर्ची मोडकी होती, म्हणून ते रिकामं असायचं. हळूहळू साताऱ्याची एक आली, मग नागपूरची, मग लखनौची. माझ्याच कॉलेजातला साक्रीकडचा एक मुलगा होता, तोही यायला लागला, मुख्यतः कळण्याच्या भाकरीसाठी. मी ती पहिल्यांदा काढली तेव्हा सगळ्यांना वाटलं भाकरी करपली आहे. लखनौच्या मैत्रिणीनं ठेचा खाऊन डोळे पुसले, आणि पुढच्या सोमवारी विचारलं, आणला का?

या टेबलावर काय बोलणं व्हायचं? बाहेरच्याला वाटेल, बायकांच्या गप्पा. सॅनिटरी पॅड कुणाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेत. कुठल्या बँकेचं घरकर्ज बाईच्या नावावर स्वस्त पडतं. कुणाची सासू दहा वाजेपर्यंत जेवायची थांबते आणि मग दोन दिवस बोलत नाही. कुठल्या साहेबाबरोबर मीटिंगच्या खोलीत एकटीनं बसायचं नाही, दार उघडं ठेवायचं. ही शेवटची माहिती नोकरीच्या पहिल्या दिवशी मिळणाऱ्या जाडजूड फाइलीत नसते. ती डब्यातूनच मिळते.

आखाजीची सुट्टी मी मागितली तेव्हा साहेबांनी कॅलेंडरवर तो सण शोधला, त्यांना सापडला नाही. सापडला असता तरी अक्षय्य तृतीया म्हणून सापडला असता, आणि माहेरी जाऊन झोका खेळायला सुट्टी कशी मागायची? मी टेबलावर सांगितलं. साताऱ्याच्या मैत्रिणीनं माझी रात्रपाळी घेतली. पुढे तिच्या गावच्या जत्रेला मी तिची घेतली. अशी आमची एक वही होती, कुणाकडे कुणाची रात्र उधार आहे त्याची.

रात्रीचं निघालंच आहे तर सांगते. २००७ साली पुण्यात एका कॉल सेंटरमधल्या मुलीला कामावर नेणाऱ्या गाडीच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं बलात्कार करून मारून टाकलं. मी त्या वेळी शाळेच्या शेवटच्या वर्षांत होते, पण नोकरीला निघाले तेव्हा माझ्या बाबांना ती बातमी तारखेसकट पाठ होती. कंपन्यांच्या गाड्यांमधून सुरक्षारक्षक दिसू लागले ते अशा बातम्यांनंतर. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, आणि तिच्या सुरक्षेची, घरी पोचवण्याची सोय मालकाची. हे लिहून घ्या. पण आमचा स्वतःचाही एक नियम होता. शेवटची घरी पोचेपर्यंत कुणी फोन बंद करायचा नाही. 'पोचले' एवढा एकच शब्द. शिंदखेड्याची एकदा तो पाठवायला विसरली, तर रात्री दोन वाजता साक्रीचा मुलगा मोटारसायकल काढून तिच्या दारात उभा. ती झोपेतून उठून त्याच्यावरच चिडली.

आता मुख्य गोष्ट.

दरवर्षी पगारवाढीचं पत्र मिळतं, आणि त्याबरोबर बजावलं जातं की हे गोपनीय आहे, कुणाला सांगू नका. आम्हीही सांगत नव्हतो. सासूबाई, पाळी, नवऱ्याचं पिणं, सगळं टेबलावर यायचं, पगार नाही. तो विचारणं म्हणजे असभ्यपणा, असं आमच्या डोक्यात कुणी भरवलं होतं? ज्याच्या फायद्याचं होतं त्यानंच.

२०१८ साली साताऱ्याची मैत्रीण बाळंतपणाच्या रजेवरून परत आली. आदल्याच वर्षी ही रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली होती. आम्ही तिला पेढे भरवून पाठवलं होतं. परत आल्यावर तिच्या हातात पत्र पडलं, त्यात सगळ्यात खालची श्रेणी. का, तर वर्षातले सहा महिने 'उपलब्ध नव्हती.' आमच्या बाईसाहेब, हो, साहेब बाईच होत्या, तिला म्हणाल्या, "मी तिसऱ्या आठवड्यात लॅपटॉप उघडला होता." त्यांनी उघडला असेलही. त्यांना तो उघडायला कुणी लावला, हे त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

ती डबा उघडून नुसती बसून राहिली. तेव्हा साक्रीच्या मुलानं स्वतःचं पत्र खिशातून काढलं आणि भाजीच्या डब्याशेजारी ठेवलं. आम्ही दोघं एकाच कॉलेजचे, एकाच दिवशी लागलेलो, काम तेच. त्याचा आकडा माझ्यापेक्षा मोठा होता. मी इथे आकडा सांगत नाही, पण त्या फरकात माझं वर्षाचं हॉस्टेलभाडं निघालं असतं. तो म्हणाला, "मला वाटलं तुलाही एवढंच असेल." मला त्याचा राग आला नाही असं नाही. दोन दिवस मी त्याला भाकरी दिली नाही. पण पहिलं पत्र ठेवणारा तो होता, हेही खरं.

मग बाकीची पत्रं आली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघीही त्याच काळात रजेवर होत्या, त्यांनाही तीच खालची श्रेणी. म्हणजे हे एकीचं दुखणं नव्हतं.

दर महिला दिनाला आमच्याकडे गुलाबाचं फूल देऊन एक गोष्ट सांगायचे. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं होतं, तेव्हा सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि त्या तिथे इंजिनिअर झाल्या. गोष्ट चांगलीच आहे. पण ती एका हुशार बाईची आणि एका भल्या मालकाची आहे. आम्ही कुणी तेवढ्या हुशार नव्हतो, आणि आमचा मालक अमेरिकेत होता.

म्हणून आम्ही सहाजणी एकत्र गेलो. मनुष्यबळ विभागानं एकेकीला वेगळं बोलवायचा प्रयत्न केला, आम्ही नको म्हटलं. नागपूरच्या मैत्रिणीनं दोन कायदे छापून आणले होते. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात लिहिलंय, की रजेच्या काळात बाईच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत. आणि समान कामाला समान वेतन हा कायदा तर १९७६ चा, माझ्या जन्माच्या आधीचा. हे दोन्ही आता नव्या संहितांमध्ये गेलेत, २०२५ च्या नोव्हेंबरात त्या लागू झाल्या, पण सव्वीस आठवडे तेच आहेत आणि समान वेतनही तेच आहे.

झालं काय? दोघींची श्रेणी सुधारली. तिसरीनं तोवर नोकरी सोडली होती. श्रेणी ठरवताना काम केलेले महिनेच धरायचे, असा नियम झाला. माझा फरक मात्र 'कामगिरीनुसार' आहे असं ठरलं. आणि दोन महिन्यांनी आमच्या बसायच्या जागा चार वेगवेगळ्या मजल्यांवर गेल्या. त्याचं कारण जागेची टंचाई.

टाळ्या थांबवा, अजून एक सांगायचंय, आणि त्यात आमची बाजू एवढी चांगली नाही.

आमच्या मजल्यावर सफाई करणाऱ्या एक मावशी होत्या, ठेकेदाराकडच्या. आम्ही बाथरूममध्ये रडायचो तेव्हा टिश्यू पेपर देणाऱ्या त्याच. दिवाळीला आम्ही त्यांना साडी द्यायचो. त्या जेवतात कुठे, हा प्रश्न आम्हाला चार वर्षं पडला नाही. त्या मागच्या जिन्यात जेवायच्या. ठेक्याच्या माणसांना कँटीनमध्ये बसायला बंदी होती.

एके दिवशी त्यांनी शिंदखेड्याच्या मैत्रिणीला सांगितलं, की सुपरवायझर हजेरी लावताना हात धरतो, आणखीही बरंच करतो. भंवरीदेवी या राजस्थानातल्या साथिणीवर १९९२ साली झालेल्या बलात्कारातून १९९७ चा विशाखा निकाल आला, त्यातून २०१३ चा कायदा. त्या कायद्यात ठेक्यावरची बाईही येते. मावशींना लिहिता येत नव्हतं, तर समितीनं तक्रार लिहून द्यायला मदत करायची, हेही त्यात आहे. ती तशी लिहिली गेली. सुपरवायझरला काढलं. पण पंधरा दिवसांत ठेकेदारानं मावशींनाही दुसऱ्या इमारतीत पाठवलं, 'त्यांच्याच सोयीसाठी.' आम्ही तेव्हा सहाजणी एकत्र गेलो नाही. अर्ज केला, उत्तर आलं नाही, प्रोजेक्टची तारीख जवळ आली, आणि राहून गेलं. त्यांना मी नंतर भेटलेले नाही.

इथल्या बायकांसाठी एवढं सांगते, की दुकान, दवाखाना, क्लास, जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत, तिथल्या बाईनं, घरकाम करणाऱ्या बाईनंही, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं असतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मी लॅपटॉप घेऊन देवपुरात आले. मग इथूनच काम करायची परवानगी मिळाली. घरचे खूश. पण टेबल गेलं. आता ताट कीबोर्डशेजारी असतं. दारावर कुणी आलं की आई म्हणते, "ती घरीच आहे ना, तिला सांग." पगारवाढीचं पत्र आलं तेव्हा खोलीत मी एकटी होते.

आपल्याच भागात अशा घरून काम करणाऱ्या मुली मला दिसायला लागल्या. दुपारी गच्चीवर फोन कानाला लावून फिरणाऱ्या ओळखू येतात. आम्ही ठरवलं, बुधवारी एक वाजता माझ्याकडे डबा. पहिल्या बुधवारी तिघी आल्या. एकीला बारा मिनिटांत पळावं लागलं, मीटिंग होती. दुसरीच्या बरोबर तिची लहान मुलगी होती, तिनं माझी सगळी भाकरी खाल्ली. पगाराचा विषय अजून कुणी काढलेला नाही. या बुधवारी मी माझं पत्र काढून ठेवणार आहे, भाजीच्या डब्याशेजारी.