माशांना शुद्ध पाणी हवें काय ?



ज्या गांवाच्या नांवांतच गंगा आहे, ज्याला लागून गोदावरी वाहते आणि ज्या भूमींत जनाबाई जन्मली, त्या गंगाखेडांत राहणारा मी आज आपणांशीं पाण्याविषयीं बोलणार आहें. परंतु भिण्याचें कारण नाहीं. तीर्थाचें माहात्म्य सांगण्याचा मला अधिकार नाहीं, आणि नळाचें गाऱ्हाणें मांडण्याचा आज विचार नाहीं. माझा विषय अगदीं दोन बोटांएवढा आहे. हौसेनें घरांत कांचेच्या टाकींत मासे पाळतात, त्यांना पाणी कोणतें द्यावें, एवढाच तो विषय.

विषय लहान खरा. पण मला तो महागांत पडला. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझ्या नातीनें हट्ट धरून परभणीहून दोन सोनेरी मासे आणविले. विकणाऱ्या गृहस्थानें बजावून सांगितलें कीं, “नळाचें नको, बोअरचें नको, तुम्ही स्वतः जें शुद्ध पाणी पितां तेंच यांना घाला.” उपदेश सद्हेतूचाच होता. आमच्या घरीं पिण्यासाठीं २० लिटरचा जार येतो, जसा तो आतां गांवोगांव येतो. तोच टाकींत ओतला. पाणी आरशासारखें दिसूं लागलें. दर दोन दिवसांनीं सगळें पाणी फेकावें, वाळू आणि खडे चोळचोळून धुवावे, कांच पुसावी आणि नवा जार ओतावा, असा आमचा क्रम सुरू झाला. सातव्या दिवशीं एक मासा वर येऊन तोंडानें हवा ओढूं लागला. नवव्या दिवशीं सकाळीं दोन्ही मासे उताणे तरंगत होते. नात रडली नाहीं. तिनें मला एवढेंच विचारलें, “आजोबा, पाणी तर आपण पितों तेंच होतें ना ?” मीं जन्मभर शाळेंत रसायनशास्त्र शिकविलें, पण या प्रश्नाला त्या वेळीं मजजवळ उत्तर नव्हतें. नंतर जें वाचलें आणि करून पाहिलें, तें आज आपणांपुढें ठेवितों.

‘शुद्ध’ हा शब्द आपल्या भाषेंत फार मानाचा आहे, आणि त्या मानामुळेंच तो फसवितो. पूजेचें शुद्ध पाणी, पिण्याचें शुद्ध पाणी, प्रयोगशाळेंतलें शुद्ध पाणी आणि माशाचें शुद्ध पाणी या चार निरनिराळ्या वस्तु आहेत. जारांतलें पाणी ज्या यंत्रांतून येतें त्यास आपण ‘आरओ’ म्हणतों. अत्यंत सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून दाबानें पाणी पलीकडे ढकलावयाचें आणि त्यांत विरघळलेले क्षार अलीकडेच अडवावयाचे, ही त्याची युक्ति. असा व्यवहारोपयोगी पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियांत लोब आणि सौरिराजन या दोघांनीं तयार केला. त्यांतले सौरिराजन आपल्या भारतांतलेच. समुद्राचें पाणी गोडें करण्यासाठीं निघालेली ही विद्या आज आमच्या गल्लींत जार भरीत आहे. तिच्या उपकाराविषयीं मला शंका नाहीं. परंतु ती पाण्यांतले बहुतेक क्षार काढून टाकते, आणि मासा त्याच क्षारांवर उभा असतो.

माशाचें रक्त भोंवतालच्या गोड्या पाण्यापेक्षां खारट असतें. त्यामुळें पाणी त्याच्या कल्ल्यांतून आणि त्वचेंतून रात्रंदिवस आंत शिरत राहतें. तें तो पातळ मूत्राच्या रूपानें बाहेर टाकतो, आणि त्याबरोबर गेलेले क्षार कल्ल्यांनीं पुनः पाण्यांतून वेंचून घेतो. पाण्यांत क्षारच नसतील तर हा जमाखर्च जुळावयाचा कसा ? शिवाय पाण्यांतला विरघळलेला चुना आम्लता सांवरून धरतो. तो नसला म्हणजे माशाच्या श्वासानें आणि कुजणाऱ्या अन्नानें पाण्याचा गुण लवकर पालटतो. सोनेरी मासा काटक आहे. तरी असें पोरकें पाणी त्याला फार दिवस मानवत नाहीं.

पण केवळ क्षार नव्हते म्हणून आमचे मासे मेले, असें म्हणणें स्वतःला सोयीस्कर होईल. खरा अपराध त्या घासण्यापुसण्याचा होता. तो समजण्यासाठीं मी आपणांस क्षणभर लंडनला नेतों.

तेथें रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाचा एक रसायनज्ञ औषधनिर्मात्यांच्या संस्थेंत कामास होता. १८४९ सालीं त्यानें कांचेच्या मोठ्या भांड्यांत दोन लहान सोनेरी मासे आणि फितीसारख्या लांब पानांची एक पाणवनस्पति ठेविली. ज्याच्या हाताशीं ऊर्ध्वपातनाचीं सर्व साधनें होतीं, त्यानें पाणी घेतलें तें झऱ्याचें, साधें. वनस्पतीनें प्राणवायु दिला, मासे तरले. मग जुनीं पानें कुजून पाणी गढूळ झालें आणि शेवाळाचा थर धरूं लागला. आपण असतों तर भांडें उपडें करून घासलें असतें. वॉरिंग्टननें त्यांत तळ्यांतल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजकें खाऊन टाकलें आणि पाणी पुनः निवळलें. १८५० सालीं त्यानें ही हकीकत रसायनज्ञांच्या सभेपुढें मांडली. घरगुती मत्स्यपालनाचा आधुनिक इतिहास येथूनच सुरू होतो असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पण मासे जगले कां, याचें अर्धेंच उत्तर त्याला ठाऊक होतें. उरलेलें अर्धें हुडकण्यांत त्याच्याच मुलाचा वांटा आहे, आणि त्याचेंहि नांव रॉबर्ट वॉरिंग्टनच. १८७७ सालीं श्लेझिंग आणि म्युन्ट्स या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं वाळूंतून सांडपाणी झिरपत ठेवून दाखविलें कीं, त्यांतला विषारी अमोनिया कांहीं दिवसांनीं नायट्रेट होऊन बाहेर पडतो. आणि क्लोरोफॉर्मची वाफ सोडली कीं हें काम थांबतें. अर्थात् तें काम वाळू करीत नाहीं, वाळूंतले जिवंत जंतु करतात. धाकट्या वॉरिंग्टननें रोथॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेंत तें पडताळून पाहिलें, आणि हें रूपांतर दोन पायऱ्यांनीं होतें हें दाखविलें : आधीं अमोनियाचें नायट्राइट, मग नायट्राइटचें नायट्रेट. ते जंतु निराळे काढून दाखविण्याचा मान १८९० सालीं विनोग्राड्स्की यास मिळाला. बापानें मासे जगविले आणि मुलानें ते जगण्याचें कारण शोधलें, असा योग शास्त्राच्या इतिहासांत विरळा.

आतां आमच्या टाकीकडे पाहूं. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, उरलेलें खाद्य कुजून त्यांत भर पडते. तो पचविणारे जंतु वाळूवर, खड्यांवर, कांचेवर बुळबुळीत थर करून राहतात. त्यांची वस्ती पुरती व्हावयास चार ते सहा आठवडे लागतात. आणि आम्ही तर दर दोन दिवसांनीं ती चोळून, धुवून, एकदां तर ऊन पाण्यानें पोळून काढीत होतों ! स्वच्छतेच्या नांवाखालीं घरांतला झाडूवालाच आम्हीं हांकलून दिला होता.

मग गंगाखेडांत पाणी घ्यावें तरी कोणतें ? माझें उत्तर असें कीं, जें आहे तेंच, पण मुरवून. आमची भूमि काळ्या पाषाणाची. विहिरींत आणि बोअरांत येणारें पाणी त्यांतला चुना आणि मॅग्नेशियम घेऊन येतें. डाळ लवकर शिजत नाहीं, साबणाला फेस येत नाहीं, हंड्याला पांढरें पूट बसतें. या तीन खुणा गृहिणींना सांगावयास नकोत. पण ज्या जड पाण्याला आपण नांवें ठेवितों, तें सोनेरी माशाला आणि गप्पीला मानवतें. ॲमेझॉनच्या मृदु पाण्यांतले निऑन टेट्रा किंवा डिस्कस ज्यांना पाळावयाचे असतील त्यांनीं खुशाल आरओचें पाणी जड पाण्यांत मिसळावें. नवशिक्यानें मात्र पाण्यासाठीं मासा बदलावा, माशासाठीं पाणी नव्हे. आणि विहिरीचें पाणी अगदींच खारवट असेल तर अर्धा जार त्यांत घालावा. निव्वळ जार कधींहि नको.

नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतें. आपल्या आंतड्यांतले रोग तें टाळतें, पण माशाचे कल्ले जाळतें आणि टाकींतले उपकारी जंतु मारतें. रुंद तोंडाच्या उघड्या भांड्यांत, शक्य तर उन्हांत, पाणी एक दिवस ठेविलें कीं तें उडून जातें. घाई असेल तर छायाचित्रकार ज्यास हायपो म्हणत, त्या सोडियम थायोसल्फेटचे दोन-चार कण पुरतात. खोल बोअरच्या पाण्यांत प्राणवायु कमी असतो. तें दोन भांड्यांत उंचावरून ओतून घ्यावें. पावसाळ्यांत पाणी गढूळ येतें तेव्हां तुरटी फिरविण्याचा मोह आवरावा, कारण ती पाण्याचा चुन्याचा आधारच खाते. एक दिवस निवळूं द्यावें आणि वरचें घ्यावें. सुश्रुतसंहितेंत गढूळ पाणी निवळविण्याचीं सात साधनें दिलीं आहेत. त्यांत निवळीचें बी आणि वस्त्र तर आहेच, पण शेवाळाचें मूळहि आहे. तें वाचून मला वॉरिंग्टनच्या भांड्याची आठवण झाली.

जड पाण्याची एक खोड मात्र सांगितली पाहिजे. तें बहुधा किंचित् अल्कधर्मी असतें, आणि अशा पाण्यांत अमोनिया अधिक विषारी होतो. २५ अंश उष्णतेला सात पीएचच्या पाण्यांत विषारी रूपांतला अमोनिया शेंकडा अर्धा असतो. आठ पीएचला तोच शेंकडा पांच होतो. म्हणून आमच्याकडे खाद्य चिमूटभरच द्यावें, आणि दर आठवड्याला चौथाई पाणी बदलावें. सगळें कधींहि नाहीं.

उन्हाळ्यांत एक गोष्ट उलटी होते. पाणी वाफ होऊन उडतें, क्षार मागें राहतात. त्या तुटीच्या जागीं पुनः जड पाणी घालीत गेलें तर टाकी दिवसेंदिवस खारट होते. तेव्हां उडालेली भर घालण्यास आरओचें किंवा सांठविलेलें पावसाचें पाणी योग्य. बदलण्यास मात्र मुरविलेलें जड पाणीच. जार काय तो येथें कामाला येतो. ऊन पाण्यांत प्राणवायुहि कमी मावतो. २० अंशांना लिटरमागें नऊ मिलिग्रॅम, ३५ अंशांना सातच. वीज गेली आणि हवेचा पंप थांबला तर वाटीनें पाणी उचलून वरून सोडीत बसावें. बर्फ टाकूं नये.

आणखी एक हिशेब आहे, आणि तो मला मोठा वाटतो. घरगुती आरओ यंत्र एक घागर गोड पाण्यामागें दोन-तीन घागरी मोरींत सोडतें. २०१६ सालच्या उन्हाळ्यांत शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें आपण पाहिलें आहे. त्या मुलखांत शोभेच्या माशांसाठीं इतकें पाणी वायां घालवावें, आणि तेंहि त्यांना अपायकारक व्हावें, हें मला पटत नाहीं.

नातीची टाकी आम्हीं पुनः मांडली. महिनाभर तींत फक्त वाळू, पाणवनस्पति, विहिरीचें मुरविलेलें पाणी आणि रोज कणभर खाद्य एवढेंच होतें. रिकाम्या टाकीला रोज जेवूं घालणारे आजोबा पाहून शेजारी हंसत. नंतर चार गप्पी आणिले. गप्पी म्हणजे डांसांच्या अळ्या खाण्यासाठीं आरोग्यखातें डबक्यांत सोडतें तेच. आठवड्याला काढलेली बादली तुळशीला जाते. तींतलें नायट्रेट तिला मानवतें असें दिसतें. चारांचे आतां अकरा झाले आहेत, आणि त्यांची वांटणी कोणाकोणांत करावयाची यावर घरांत वाद चालू आहे. “जास्तीचे गोदावरींत सोडूं या,” असें नातीचें म्हणणें होतें. तिला मीं उजनी धरणाची गोष्ट सांगितली : टाक्यांतून सुटलेला सकर मासा तेथें इतका माजला कीं तो कोळ्यांचीं जाळीं फाडतो, आणि बाजारांत त्याला कोणी विचारीत नाहीं. हें ऐकून तिनें नदीचा बेत सोडला, आणि आतां शाळेंतल्या मैत्रिणींची यादी करीत आहे.