बाळाचे वजन आणि आईचे दूध
(लोणंद येथील महिला मेळाव्यातील भाषण)



२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात परमपूज्य बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सवलतीचे विधेयक उचलून धरले. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. आम्ही आज त्याच विश्रांतीविषयी बोलणार आहोत.

कांदा निवडायला, खुरपणीला जाणारी आपली एखादी भगिनी बाळंत होते. बाळाचे अंग भरत नाही. "हिला दूधच नाही," असे घरात म्हटले जाते आणि बाटली येते. बाटलीने पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते. त्यामुळे दूध आणखी आटते. जितके दूध निघते तितके नवे तयार होते, हा शरीराचा नियम आहे.

म्हणून आधी वजन पाहावे. जन्मानंतर उतरलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून यावे. पुढे पहिले तीन महिने रोज सुमारे २० ते ३० ग्रॅम वाढ व्हावी. अंगणवाडीत वजन करून घ्यावे. पाचव्या दिवसानंतर बाळाला दिवसभरात किमान सहा वेळा लघवी झाली पाहिजे.

दूध वाढवायचे तर दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावे. रात्रीचे पाजणे चुकवू नये. बाळाचे तोंड मोठे उघडलेले असावे, बोंडाभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात जावा, हनुवटी स्तनाला टेकावी. पाजून झाल्यावर उरलेले दूध स्वच्छ हातांनी काढून वाटी-चमच्याने पाजावे. सहा महिने पाणी, मध, गुटी काहीही देऊ नये. आईने भाकरी, डाळ, पालेभाजी पोटभर खावी. अळिवाचा लाडूही खावा. पण बाळाने ओढल्याशिवाय नुसत्या लाडवाने दूध वाढत नाही.

बाळ सुस्त असेल, लघवी कमी होत असेल, दोन आठवड्यांत वजन भरले नसेल, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. बाळाची जीभ खाली बांधलेली असणे, आईचे थायरॉईडचे दुखणे किंवा रक्त कमी असणे, अशीही कारणे असतात. डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले तर ते द्यावे, अंगावर पाजणेही चालू ठेवावे. त्यात आईला कमीपणा नाही.

सासूबाईंनी आणि नवऱ्याने पाणी, धुणे, स्वयंपाक काही आठवडे आपल्याकडे घ्यावा. आईला टोमणे मारू नयेत.

महामायेच्या निधनानंतर महाप्रजापती गौतमीने सिद्धार्थाला दूध पाजले. स्त्रियांना संघात प्रवेश मिळावा म्हणून रदबदली करताना आनंदाने तथागतांना याच दुधाची आठवण करून दिली, असे बौद्ध परंपरा सांगते. त्या दुधाची जाण आपल्या घराघरांत राहो, एवढे सांगून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.

नमो बुद्धाय! जयभीम!