दारिद्र्याची रेषा आणि आपला बालाघाट
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



बाप्पाच्या मंडपात गरिबीचा विषय काढला, तर काहींना तो कोरडा वाटेल. पण लोकमान्यांनी हा उत्सव सार्वजनिक केला, तो चार माणसांनी एकत्र बसून आपल्या समाजाचा विचार करावा म्हणूनच. त्या आधाराने आम्ही हे धाडस करतो.

आपल्या घरांतून एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येते : "गोंदिया-नागपूरकडे बघा, कुठल्या कुठे गेले, आपण मागेच राहिलो." १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. भंडारा जिल्हा तिकडे गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. वैनगंगा दोन्हीकडची, धानाची शेती दोन्हीकडे, पोवारी बोलीही दोन्हीकडे. त्यामुळे तुलना होणारच. प्रश्न इतकाच की, आपण ज्या पट्टीने मोजतो ती पट्टी दोन्हीकडे एकच आहे का?

ही पट्टी तयार करण्यात मराठी मुलखाचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला रोज २२५० उष्मांक मिळतील एवढ्या खर्चाचा हिशेब त्यांनी मांडला. १९६०-६१ च्या किमतींनी तो खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये आला. पुढे सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने २००९ साली नवी पद्धत दिली. त्यात प्रत्येक राज्याच्या किमतींप्रमाणे रेषा वेगळी ठरली.

आता २०११-१२ चे आकडे पाहा. मध्य प्रदेशात ३१.६५ टक्के लोक गरीब, महाराष्ट्रात १७.३५ टक्के. झाले, आपले वाक्य सिद्ध झाले असे वाटते. पण त्याच वर्षी खेड्यातली रेषा मध्य प्रदेशात माणशी महिना ७७१ रुपये होती आणि महाराष्ट्रात ९६७ रुपये. म्हणजे महिन्याला ८५० रुपयांत भागवणारा माणूस किरनापूरच्या एखाद्या गावात गरीब नाही, आणि हद्द ओलांडून गोंदिया जिल्ह्यात गेला की गरीब! पाच माणसांच्या घराचा हिशेब केला, तर फरक महिन्याला ९८० रुपयांचा होतो. तिकडची महागाई जास्त धरली म्हणून तिकडची रेषा वर, हे तत्त्व बरोबरच आहे. पण ती रेषा कोकणापासून गोंदियापर्यंतच्या सगळ्या खेड्यांना मिळून एकच. रेषा राज्याची असते, आठवडी बाजाराची नसते. तेव्हा महाराष्ट्र पुढे आहे हे खरे असले, तरी सीमेवरच्या दोन गावांमधले अंतर या आकड्यांतून कळत नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. तिथे याच्या अगदी उलट अडचण आहे. तिथली सरकारी रेषा मुख्य भूमीवरच्या सर्व राज्यांना एकच. २०२४ साली चार माणसांच्या कुटुंबाला ती वर्षाला ३१,२०० डॉलर होती. टेक्सासच्या सीमेवरचे मॅकअ‍ॅलन असो की सॅन फ्रान्सिस्को, पट्टी तीच; घरभाडे मात्र कुठल्या कुठे. म्हणून तिथे २०११ पासून घराच्या खर्चाचा विचार करणारे दुसरे मोजमापही काढतात. त्या मापाने कॅलिफोर्नियासारखे श्रीमंत राज्य देशातील सर्वाधिक गरिबीच्या राज्यांत जाऊन बसते.

आणखी एक गोष्ट तिथून शिकण्यासारखी आहे. डेट्रॉइट शहरात गेल्या काही वर्षांत साधारण तिघांपैकी एक माणूस गरीब मोजला गेला. पण उपनगरांसह सगळे डेट्रॉइट महानगर धरले, की तोच दर निम्म्याहून खाली येतो. गरीब माणूस होता तिथेच राहिला. आपण फक्त वर्तुळ मोठे काढले.

आपल्या जिल्ह्याचेही तसेच आहे. २०११ च्या जनगणनेत बालाघाटची लोकसंख्या १७ लाख. हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया, हे प्रमाण मध्य प्रदेशात सर्वांत जास्त. साक्षरता ७७ टक्के. वाचून अभिमान वाटतो. पण वारासिवनीची सपाटी आणि बैहरचे पठार यांची सरासरी काढली, की बैगा बांधवांचा पाडा त्या आकड्यात दिसेनासा होतो. माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो, हेही लक्षात ठेवावे. पठारावरचा मजूर नागपूर-हैदराबादला बांधकामावर कायमचा गेला, तर इथला दर थोडा कमी होईल, तिथला थोडा वाढेल. त्या मजुराचे मात्र काहीच बदललेले नसेल.

अलीकडे नीती आयोग बहुआयामी दारिद्र्य मोजतो. त्यात पैसा मोजत नाहीत. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतल्या बारा गोष्टी पाहतात. देशभर पट्टी एकच. २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात मध्य प्रदेशाचा दर ३६.५७ वरून २०.६३ टक्क्यांवर आला, महाराष्ट्राचा १४.८० वरून ७.८१ वर. दोन्हीकडे सुधारणा झाली. पण पहिल्या मोजणीत नर्मदेच्या एका काठावर आपल्या राज्याचा अलीराजपूर ७१ टक्क्यांवर होता आणि पलीकडच्या काठावर महाराष्ट्राचा नंदुरबार ५२ टक्क्यांवर. "महाराष्ट्र पुढे" या वाक्यात नंदुरबार कुठे बसतो, याचा विचार करावा.

हे मापही पूर्ण नाही. ज्या घरात मूल कुपोषित आहे आणि कोणीही सहा वर्षे शाळा शिकलेले नाही, ते घर गरीब धरतात, मग तिथे गॅस, वीज, बँकेचे खाते सगळे का असेना. पण ज्या घरात संडास नाही, नळ नाही, गॅस नाही, वीज नाही, भिंती कच्च्या आणि घरात चीजवस्तूही नाही, ते घर पोटाला आणि शाळेला ठीक असेल, तर गरिबांत मोजले जात नाही. कारण राहणीमानाच्या सात गोष्टींना मिळून एक तृतीयांश वजन आहे. सहा नसल्या तरी रेषा गाठली जात नाही.

शासकीय कामानिमित्त गावोगाव हिंडताना आम्ही एक पाहिले. यादीत नाव आहे की नाही, यावर घरातले बरेच काही ठरते. म्हणून रेषेच्या वर-खाली असणे हा त्या घरासाठी नुसता आकडा नसतो. रेषेच्या रुपयाभर वर असलेला माणूस सुखी झालेला नसतो. तो फक्त मोजणीतून सुटलेला असतो.

मग आपण काय करावे? देशाची रेषा बदलणे आपल्या हाती नाही. पण आपल्या मंडळाची मदत कुठे जावी, हे आपल्या हाती आहे. दरवर्षी आपण वह्या-पुस्तके आणि शिष्यवृत्ती देतो; ती बहुधा ओळखीतून, अर्जातून जाते. ज्याला अर्ज करता येतो तो सर्वांत गरजू असतोच असे नाही. यंदा आम्ही एवढेच सुचवतो की, आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या ताई, आपला दूधवाला, गाडी ओढणारे दादा यांच्या घरी जाऊन चार गोष्टी विचाराव्यात : मुले शाळेत जातात का? बाळंतपण दवाखान्यात झाले का? पाणी किती लांबून आणता? बँकेत खाते आहे का? मंडळाच्या वहीत ही उत्तरे लिहून ठेवावीत आणि पुढच्या वर्षी त्याच घरांत पुन्हा जावे. पन्नास घरे झाली तरी पुष्कळ. गोंदियाशी तुलना करण्यापेक्षा गेल्या वर्षीच्या त्याच घराशी तुलना करणे जास्त खरे आहे.

आपले पूर्वज या मातीत आले, इथे नोकऱ्या केल्या, शेती केली, मुले शिकवली. या जिल्ह्याने आपल्याला परके मानले नाही. तेव्हा त्याच्या गरिबीचा हिशेबही आपल्याच घरचा हिशेब समजून ठेवावा, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!