दारू, रस्ता आणि सरकारचा गल्ला

(जळकोट येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा लेखरूप भाग.)



आपण माझ्यासाठी ठरवलेला विषय 'मद्यपान आणि वाहनांचे अपघात' असा आहे. या विषयावर व्याख्यान म्हटले की पिणाऱ्याला उपदेश करण्याची वहिवाट आहे. मी ती पाळणार नाही. एक तर मी कीर्तनकार नव्हे. आणि दुसरे म्हणजे उपदेश करण्याचा माझा अधिकार फारसा शाबूत नाही, त्याचे कारण मी पुढे सांगेन. मी अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले. तेव्हा पैसा कोणाकडून कोणाकडे जातो आणि नुकसान कोणाच्या खात्यावर पडते, एवढाच प्रश्न मी विचारणार आहे.

सोलापूर-हैदराबाद महामार्ग आपल्या दारावरून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ९ होता, आता ६५ आहे. या मार्गामुळेच २०१६ सालच्या एका निकालाशी आपला थेट संबंध आला. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकाने नकोत असा आदेश दिला. हेतू चांगला होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण अंमल सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, ३१ मार्च २०१७ रोजी, २०,००० किंवा त्याहून कमी लोकवस्तीच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर करण्यात आले. जुलै २०१७ मध्ये नगरपालिकांच्या हद्दी त्यातून सुटल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायतींच्या हद्दीतील काही भागांचा निर्णय राज्य सरकारांवर सोपवण्यात आला. सव्वा वर्षाच्या आत ५०० मीटरचे काय झाले हे आपण पाहिलेच. केरळात तर एका बारमालकाने दारापुढे भिंतींचा चक्रव्यूह उभारून गिऱ्हाइकाच्या चालण्याचे अंतर वाढवले आणि नियम पाळल्याचे दाखवले. आपल्याकडे एवढी कल्पकता दाखवण्याची गरज पडली नाही.

परंतु मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. महामार्गापासून २२० मीटर आत सरकलेले दुकान जाते कोठे? ते गावात येते. लांब पल्ल्याच्या ट्रकचालकापासून दूर नेलेली बाटली मजुराच्या घराजवळ येते आणि मोटारसायकलवाल्यासाठी तिचे अंतर मुळीच वाढत नाही.

आपल्या भागातील पिण्याची रीत गेल्या पन्नास वर्षांत कशी बदलली ते पाहा. निजामाच्या अमलात येथे शिंदी होती, मोहाची दारू होती आणि आबकारीचा गुत्ता घेणारा गुत्तेदार होता. 'गुत्ता' हा शब्द आपण अजून वापरतो. माणूस पीत होता, बायकोला मारत होता, कर्जात बुडत होता. त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. पण तो गावात पीत होता आणि पायी घरी येत होता. फार तर वाटेत पडत होता. १९७३ च्या नियमांनी महाराष्ट्रात देशी दारूच्या विक्रीची घडी बसली. उसाचे कारखाने वाढले आणि त्यांच्या मळीपासून देशी दारू होऊ लागली. पुढे हप्त्याने मोटारसायकल मिळू लागली आणि ढाबा आला. आता कंदुरी असो, वरात असो की ग्रामपंचायतीची निवडणूक असो, पिण्याची जागा आणि झोपण्याची जागा यांत दहा-पंधरा किलोमीटर अंतर पडले आहे. ते रात्री अकरा वाजता तोलायला दोन चाकेच असतात, कारण त्या वेळी एस.टी. नसते. मद्यपान जुने आहे. हे अंतर नवे आहे.

याचे मोजमाप सरकार कसे करते? केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत मद्यपानामुळे झालेले मृत्यू दोन-तीन टक्क्यांच्या आसपास दाखवले आहेत आणि अतिवेगाने झालेले सत्तर टक्क्यांहून अधिक. हा आकडा वाचून मद्यविक्रेत्यांना समाधान वाटत असेल. परंतु ज्याने कधी पोलीस ठाण्यातील पंचनामा पाहिला आहे त्याला ठाऊक आहे की मेलेल्या चालकाच्या रक्ताचा नमुना अनेकदा घेतलाच जात नाही आणि 'भरधाव, हयगयीने' हे शब्द आपोआप लिहिले जातात. दारू आणि वेग ही दोन कारणे एकाच माणसात असू शकतात, पण तक्त्यात रकाना एकच मिळतो. त्याच वर्षीच्या मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि १९ टक्क्यांहून अधिक पादचारी. मोटारीत बसलेला वर्ग या यादीत किती खाली आहे हे आपण ओळखू शकाल.

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली आणि तेथे झोपलेली सात माणसे ठार झाली. ती सर्व मजूर होती आणि त्याच रस्त्याच्या दुरुस्तीच्या कामावर होती. चालकाच्या रक्तात १०० मिलीलिटरला ११२ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला. कायद्याची मर्यादा ३० आहे. खालच्या न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षे केली आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते मेले. तेव्हा अल्पवयीन चालकाला प्रथम ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला आणि पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. ही दोन नावाजलेली प्रकरणे. आमच्या शिवारात कडेने चालणारी बाई मेली तर वाहनाचा क्रमांकही सापडत नाही. पळून गेलेल्या वाहनाच्या अशा बळीसाठी सरकारी भरपाई २०२२ पर्यंत २५,००० रुपये होती. तेव्हापासून ती २ लाख झाली. ती मिळते हे तरी किती घरांना माहीत आहे?

आता गल्ल्याकडे येतो. १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांबद्दल अध्यक्षांना पत्र लिहून तक्रार केली होती. १९४७ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढ्यात आमच्या वडीलधाऱ्यांनी शिंदीची झाडे तोडली, ती निजामाचा आबकारी महसूल तोडण्यासाठी. नंतर स्वराज्य आले आणि गल्ला तसाच राहिला, किंबहुना वाढला. ज्या कायद्याखाली हे राज्य दारूवर कमाई करते त्याचे नाव आजही महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहे, हा विनोद परदेशी विद्यार्थ्याला समजावणे मला कधी जमले नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि बहुतेक कर राज्यांच्या हातून गेले. हातात राहिलेल्या मोठ्या गोष्टी कोणत्या? पेट्रोल-डिझेल आणि दारू! मद्यपी वाहनचालक ज्या दोन वस्तू एकत्र आणतो, त्यांवरच राज्याच्या तिजोरीची भिस्त आहे. जून २०२५ मध्ये दारूवरचे शुल्क वाढवताना सरकारने दरवर्षी १४,००० कोटी रुपयांच्या जादा उत्पन्नाची अपेक्षा सांगितली. म्हणजे पिणे घटू नये, महाग मात्र व्हावे, असा हिशेब आहे.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, मग संपूर्ण दारूबंदी मागा. माझे मत वेगळे आहे आणि ते काहींना रुचणार नाही. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठवण्यात आली. मधल्या काळात चोरटा व्यापार वाढला हेच कारण सरकारने दिले. सरकारचे कारण सोयीचे होते, पण खोटे होते असे मला वाटत नाही. बंदीची मागणी ज्यांना करायची त्यांनी करावी. मला त्याआधीच्या तीन गोष्टी हव्या आहेत.

पहिली, चालकाची मजुरी. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून, मागे दिवा नसताना, खेपेच्या हिशेबाने रात्रभर पळतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस ठरवला होता, पण पाचांहून कमी कामगार असलेल्या मालकाला तो लागूच नव्हता. आणि आपले बहुतेक मालक एक-दोन गाड्यांचे. जागरणासाठी चहा आणि अंगदुखीसाठी क्वार्टर, हा त्या नोकरीचा भाग झाला आहे. कारखान्याच्या फाटकावर श्वासाची तपासणी जरूर करा; पण तासांची नोंदही तेथेच ठेवा. दुसरी, रात्रीची शेवटची एस.टी. यासाठी आगारावर मोर्चा नेण्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही.

तिसरी गोष्ट मतदानाची, आणि तिच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. गावातील दुकान बंद करण्यासाठी उभ्या आणि आडव्या बाटलीचे मतदान होते, त्यात गावच्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, एकूण महिला मतदारांच्या. आपल्या भागातील किती बाया दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात? त्या काळात मतदान झाले, तर कर्नाटकच्या फडात असलेल्या प्रत्येक बाईचे न पडलेले मत उभ्या बाटलीच्या पदरात जाते. म्हणून तारीख मागताना ती पावसाळ्यातली मागा आणि सह्या गोळा करण्याचे काम मे महिन्यातच सुरू करा.

उपदेशाचा माझा अधिकार शाबूत नाही असे मी सुरुवातीला म्हणालो. काही वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतताना मी माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या मोटारीत बसलो. तो प्यालेला आहे हे मला दार उघडतानाच कळले होते. मी भिडेखातर बोललो नाही. तो आदराने 'सर, पुढे बसा' म्हणाला आणि मी पुढे बसलो. वाटेत एका वळणावर तो रस्त्याच्या खाली उतरला. तेथे कोणी नव्हते, म्हणून मी आज आपल्यापुढे उभा आहे आणि तोही कोठे तरी शिकवतो आहे. पंधरा मिनिटे आधी त्याच वळणावर बायांची एक टोळी पाणी भरून गेली होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. ते मी त्याला अजून सांगितलेले नाही.