सातपुडा आणि आपली मुले
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात लोणखेडा येथे केलेले भाषण)



स्नेहसंमेलनात बोलावयास उभे राहिलेल्या मनुष्याने शिक्षण, हुंडा, लग्नातील खर्च किंवा शेतीची सुधारणा यांपैकी एखादा विषय घ्यावा, अशी आपल्याकडील रूढी आहे. हे सारे विषय महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर माझ्यापेक्षा अधिकारी वक्ते येथे बोलून गेले आहेत. मी मात्र आज जो विषय घेतला आहे, तो प्रथमदर्शनी किरकोळ वाटेल. बायकामुलांसह, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह सातपुड्यात पायी हिंडावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. परंतु हा विषय केवळ करमणुकीचा नाही, हे माझे बोलणे संपेपर्यंत आपणांस पटेल अशी आशा आहे.

आपण सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो. सकाळी गच्चीवर उभे राहिले की उत्तरेला त्याची निळी रांग दिसते. शहाद्याच्या काठाने वाहणारी गोमाई त्याच डोंगरांत उगम पावते आणि प्रकाशे येथे तापीला मिळते. आपली केळी, आपला ऊस, आपल्या विहिरी यांचे निम्मे भाग्य त्या डोंगरावर पडणाऱ्या पावसाशी बांधलेले आहे. असे असूनही, या सभागृहातील किती जणांनी तो डोंगर आपल्या पायांनी पाहिला आहे? महाशिवरात्रीला गाडीत बसून तोरणमाळला जावे, गोरक्षनाथाचे दर्शन घ्यावे, यशवंत तलावाकाठी डबा खावा आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे, येथेच आपली ओळख संपते. देवदर्शन झाले, हे उत्तमच. पण डोंगराचे दर्शन राहून गेले.

आपल्या या अनभिज्ञतेचे एक उदाहरण सांगतो. रानपिंगळा नावाचा, साळुंकीएवढ्या आकाराचा एक पक्षी आहे. घुबडाच्या जातीचा असूनही तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो. सन १८७३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची प्रथम नोंद केली आणि १८८४ नंतर तो कोणा अभ्यासकाला खात्रीने आढळला नाही. मध्यंतरी १९१४ सालचा म्हणून एक नमुना दाखविण्यात येत असे. तोही चोरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला निघाला. पक्षी नामशेष झाला असेच बहुतेकांनी धरले होते. अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषी आपल्या दोन सहकाऱ्यांसह भारतात आल्या, जुन्या नोंदींतील ठिकाणे धुंडाळत फिरल्या, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी त्यांना तो पक्षी दिसला. कोठे दिसला? आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात! त्या वेळी आपला तालुका धुळे जिल्ह्यात होता. ११३ वर्षे जगाने हरवला म्हणून मानलेला पक्षी आपल्या दाराशी बसून होता. डोंगरातल्या माणसांनी तो पाहिला असेल. आपण मात्र घुबड म्हणजे अशुभ, एवढ्या एका समजुतीवर समाधान मानून तिकडे पाठ फिरविली होती. सातासमुद्रांपलीकडच्या बाईंनी येऊन आपल्या अंगणातील ठेवा आपणांस दाखवावा, यात आनंद आहे, तशी थोडी लाजही आहे.

पायी हिंडण्याचे हे वेड ज्या देशांनी जोपासले, त्यांत जर्मनीचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. तेथील 'काळे अरण्य' या नावाच्या डोंगराळ मुलखात सन १८६४ मध्ये पदभ्रमण करणाऱ्यांचा एक संघ स्थापन झाला. सन १९०० मध्ये या संघाने उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत, सुमारे २८५ किलोमीटरांची वाट आखली आणि झाडांवर, खांबांवर तांबड्या चौकटीची खूण केली. ती खूण पाहत अनोळखी मनुष्यही वाट न चुकता जातो. तेथील लहानलहान गावांत रविवारी आजोबा, आजी, आईबाप आणि नातवंडे अशी कुटुंबेच्या कुटुंबे रानात चालावयास निघतात.

रिचर्ड शिरमान या जर्मन शाळामास्तरांची हकिकत तर मला विशेष प्रिय आहे, कारण मीही जन्मभर खडूच हाती धरला. सन १९०९ च्या ऑगस्टमध्ये ते आपल्या वर्गातील मुलांना घेऊन पायी सफरीवर निघाले असता वादळाने त्यांना गाठले. एका खेड्यातील शाळेत, गवताच्या अंथरुणावर त्यांनी रात्र काढली. बाहेर विजा कडाडत होत्या, मुले झोपली होती आणि मास्तर जागे होते. सुटीत देशभरच्या शाळा रिकाम्या असतात. चालत येणाऱ्या मुलांना त्या निवारा का देऊ नयेत, हा विचार त्यांना त्या रात्री सुचला. त्यातूनच १९१२ मध्ये आल्टेना गावच्या जुन्या गढीत पहिले कायमचे युवक-वसतिगृह उघडले, आणि आज अशी वसतिगृहे जगभर पसरली आहेत. ही सारी रचना एका शिक्षकाच्या एका अडचणीच्या रात्रीतून उभी राहिली.

आपल्या मुलुखात अशा खुणा नाहीत. पण निसर्गाने काही कमी दिलेले नाही. शहाद्याहून तोरणमाळ सुमारे ५० किलोमीटर. म्हसावद, राणीपूर मागे टाकले की घाट लागतो आणि ११०० मीटरांहून अधिक उंचीच्या पठारावर आपण पोहोचतो. तेथे एस.टी.ने जावे आणि मग पायांवर विश्वास टाकावा. तलावाच्या काठाकाठाने चालणे हा लहानांसाठी उत्तम पहिला धडा होय. सीतामाईच्या नावाशी लोकांनी जोडलेली सीताखाई, मच्छिंद्रनाथांची गुहा, खडकी पॉइंट ही ठिकाणे त्यानंतर. ज्यांना इतके लांब जाणे नको, त्यांनी आपल्याच तालुक्यातील उनपदेवचा गरम पाण्याचा झरा पाहावा आणि पायथ्याच्या रानात तासभर फिरावे. साग, सालई, मोह, पळस, तेंदू, चारोळी ही झाडे मुलांनी पानांवरून ओळखावीत. तोरण नावाच्या झुडपावरून तोरणमाळ हे नाव पडले, असे काही लोक सांगतात, तर काही तोरणा देवीचे नाव घेतात. हा वाद मुलांनी तेथे जाऊनच सोडवावा.

येथे अनुभवाचे चार बोल सांगणे माझे कर्तव्य आहे. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात ओढे अकस्मात फुगतात आणि धुक्यात कडा दिसत नाही. म्हणून त्या दिवसांत मुलांना घेऊन आडवाटेला जाऊ नये. चालीचे माप सर्वांत लहान मुलाच्या पायांवरून ठरवावे, बापाच्या उत्साहावरून नव्हे. पहाटे निघावे, उन्हे उतरण्यापूर्वी परत फिरावे. माणशी पाणी पुरेसे घ्यावे आणि त्यावर आणखी एक बाटली घ्यावी. रानात विस्तव पेटवू नये, प्लास्टिक टाकू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्थानिक माणसास विचारल्यावाचून पायवाटेला लागू नये. वाटाड्या घेतला तर त्याचा योग्य मोबदला घासाघीस न करता द्यावा.

हे नियम मी पुस्तकातून शिकलो नाही. ते मला एका चुकीने शिकविले. पुष्कळ वर्षांपूर्वी, चैत्र महिन्यात, मी पत्नी व दोन मुलांसह तोरणमाळला गेलो होतो. शिक्षकाला सर्व काही ठाऊक असते, असा तेव्हा माझा समज होता. कोणालाही न विचारता, भर दुपारी, एकच पाण्याची बाटली घेऊन मी सर्वांना एका उतरत्या पायवाटेने नेले. वाटेला फाटे फुटले. मी अंदाजाने एक धरला. तासाभरात पाणी संपले. माझी आठ वर्षांची मुलगी अगोदर रडू लागली आणि मग रडावयाचीही थांबली. तिचा चेहरा लाल झाला, पाय लटपटू लागले. ती गप्प झाली, त्या क्षणी माझ्या पोटात जो गोळा उठला, तो आजही आठवतो.

तिला खांद्यावर घेऊन चालत असता एक पाडा दिसला. एका पावरा भगिनीने आम्हांस दुरून पाहिले. ती आपल्या भाषेत काही बोलली. शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. तिने मुलीला ओसरीवर निजविले, ओल्या फडक्याने तिचे पाय पुसले, आणि घरातल्या माठातील पाणी लोट्यात घेऊन, तिचे डोके आपल्या मांडीवर ठेवून, घोटघोट पाजले. नंतर त्याच लोट्याने आम्ही सर्व प्यालो. तासाभराने मुलगी उठून बसली. मी पैसे पुढे केले, तर ती हसली आणि आत निघून गेली.

तिच्या मुलाने आम्हांस सडकेपर्यंत पोहोचविले. चालता चालता त्याने मोडक्या मराठीत आमचे गाव विचारले. लोणखेडा म्हणताच तो म्हणाला, "माहीत आहे. ऊस तोडायला आलो होतो." आणि त्याने आमच्या शिवारातील रस्ता, पाण्याची टाकी, वडाचे झाड सारे बरोबर सांगितले. त्याला आमच्या गावच्या वाटा ठाऊक होत्या. आम्हांला त्याच्या गावची एकही वाट ठाऊक नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या लहानपणी आमच्या ओट्याखाली मजूर बसत आणि आमची आजी त्यांच्या ओंजळीत उंचावरून पाणी ओतत असे. ती दुष्ट नव्हती. तिला तसेच शिकविलेले होते. पण जिला आम्ही लोटा दिला नसता, तिने माझ्या मुलीला आपल्या लोट्याने जीवदान दिले. सन १९७१-७२ च्या सुमारास आपल्या तालुक्यात अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने आदिवासी शेतमजूर जमिनीसाठी व मजुरीसाठी उभे राहिले, याची आठवण येथील वृद्धांना आहे. काहींना ती कटू वाटते. ती का घडली, हे मला त्या ओसरीवर बसल्यावर कळले. ज्या पूज्य साने गुरुजींचे नाव आपल्या गावातील शिक्षणसंस्थेला आहे, त्यांनी पंढरीच्या विठोबाचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ मध्ये प्राण पणाला लावले होते. त्यांचे नाव आपण रोज घेतो. दार मात्र दोन्ही बाजूंनी उघडावे लागते.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. आपल्या मंडळाने दरवर्षी मार्गशीर्षात एक दिवस सहकुटुंब पदभ्रमणाचा ठेवावा. लग्नातील एका मांडवाच्या खर्चात पन्नास कुटुंबांची एस.टी. होईल. वाटाडे त्या पाड्यांतलेच घ्यावेत, जेवण त्यांच्याकडूनच रीतसर मोल देऊन घ्यावे, आणि आपण पाहुण्यासारखे वागावे, मालकासारखे नव्हे. मुलींना व सुनांनाही न्यावे. घरी स्वयंपाकासाठी कोणी मागे राहू नये.

माझी ती मुलगी आज स्वतः आई झाली आहे. गेल्या हिवाळ्यात ती आपल्या मुलाला घेऊन त्याच पठारावर गेली. या वेळी आम्ही विचारून गेलो. नातवाने वाटाड्याला झाडांची नावे विचारली, आणि परतताना मला विचारले, "आजोबा, हे लोक आपल्याकडे येतात, तेव्हा आपण त्यांना काय दाखवतो?" मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर आपण सर्वांनी मिळून शोधावे, एवढी विनंती करतो.