पेशींची चाहूल



काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींचे बारकाईने निरीक्षण करावयाचे, तर पूर्वी त्या बहुधा रसायनाने स्थिर करून रंगवाव्या लागत. दिसे ते सुस्पष्ट. परंतु पेशी तोवर मृत झालेली असे. तिला धक्का न लावता तिची वाढ घटकाघटकाने कशी जाणावी?

इव्हार येव्हर आणि चार्ल्स कीझ यांनी १९८४ मध्ये यावर विजेचा उपाय सुचविला. येव्हर मूळचे नॉर्वेचे, शिक्षणाने यंत्र अभियंते. अतिवाहकांवरील संशोधनासाठी १९७३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. त्यानंतरही ते जीवशास्त्राच्या अभ्यासात रमले. कीझ हे जीवशास्त्रज्ञ त्यांचे सहकारी झाले.

त्यांची युक्ती अशी. बशीच्या तळाशी सोन्याचा पातळ इलेक्ट्रोड बसवून त्यावर प्रथिनाचा लेप द्यावयाचा आणि अतिशय क्षीण प्रत्यावर्ती प्रवाह सोडावयाचा. पेशीचे पटल विजेला अडविते. पेशी तळाला चिकटून पसरू लागली, की प्रवाहाला तिच्या खालच्या आणि बाजूच्या फटींतून वाट काढावी लागते. त्याला होणारा एकूण अडथळा, म्हणजेच संरोध, वाढतो. फायब्रोनेक्टिनच्या लेपावर पेशी लवकर पसरतात, अल्ब्युमिनवर त्यांना विलंब लागतो. हा भेद आलेखात उमटतो.

इलेक्ट्रोड मोठा असेल, तर मात्र भोवतालच्या द्रवाच्या रोधापुढे पेशींचा परिणाम झाकला जातो. म्हणून तो अगदी लहान केला. पुढील उपकरणांत त्याचा व्यास सुमारे पाव मिलिमीटर असतो. तेव्हा पेशींची सूक्ष्म चुळबुळही टिपता येऊ लागली. मृत पेशींचा आलेख शांत होतो. औषधाचा वा विषाचा परिणाम त्यामुळे घडत असतानाच पाहता येतो.

तथापि संरोध वाढला म्हणजे पेशींची संख्याच वाढली, असे नव्हे. त्याच पेशी अधिक पसरल्या किंवा एकमेकींना घट्ट बिलगल्या, तरीही आकडा चढतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाची साक्ष आजही घ्यावी लागते.

मुलांचे गुण पाहताना पालकांनीही हे ध्यानी ठेवावे. आकडा खरा असतो. तो कशामुळे चढला वा उतरला, हे मात्र जवळ जाऊनच पाहावे लागते. नोबेल मिळाल्यावरही एक अभियंता जीवशास्त्रासारख्या वेगळ्या विषयाच्या अभ्यासात रमला, ही गोष्टही मुलांना अवश्य सांगावी. हीरकमहोत्सवी शाळेला मनःपूर्वक शुभेच्छा.