करमत नाही त्या संध्याकाळी



पावसाची झड लागली, शाळेला सुटी मिळाली, वीज गेली, की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते : "करमत नाही बुवा!" आज या न करमण्याविषयीच चार शब्द बोलायचे आहेत. त्यासाठी आधी तुम्हांला जरा दूर, रशियातल्या एका खेड्यात नेतो.

साल १८२४. कवी अलेक्झांडर पुश्किन तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. झारच्या सरकारची गैरमर्जी झाली, नोकरी गेली, आणि प्स्कोव्ह प्रांतात मिखाइलोव्स्कोये येथे आईच्या जमीनदारीवर जाऊन राहण्याचा हुकूम सुटला. तिथे वडिलांशी खटके उडाले. हिवाळ्याच्या तोंडावर घरची मंडळी निघून गेली आणि हा मागे राहिला. तिकडची थंडी काही आपल्यासारखी शेकोटीवर भागणारी नव्हे. वाटा बर्फाने बुजतात. चारच्या सुमारास अंधार पडतो. शेजारचे एक स्नेही कुटुंब सोडले तर बोलायला माणूस नाही. घरात सोबत होती ती लहानपणी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या दाईची, अरीना रोदिओनोव्हनाची. ती भूदासांच्या घरात जन्मलेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते.

त्या दिवसांत पुश्किनने धाकट्या भावाला आपला दिनक्रम कळवला आहे. जेवणापर्यंत लेखन, मग घोड्यावरून रपेट आणि संध्याकाळी दाईच्या गोष्टी. आपल्या शिक्षणात जी उणीव राहिली, ती या गोष्टींनी भरून निघते आहे, असेही तो लिहितो. शिक्षक बंधू-भगिनींनो, हे जरा ध्यानात घ्या. ज्याचे बालपण फ्रेंच पुस्तकांत गेले, तो मोठेपणी एका निरक्षर बाईकडे आपल्याच भाषेचा धडा गिरवीत होता!

आणि तो नुसता ऐकत बसला नाही. त्याने काही गोष्टींची टिपणे केली. सुंदर भाषेत नव्हे, अगदी त्रोटक. कोण, कुठे, पुढे काय झाले, एवढेच. त्यांतल्या एका टिपणातून पुढे १८३१ साली 'झार साल्तान'ची पद्यकथा उभी राहिली. म्हणजे टिपण सात वर्षे वहीत पडून होते. शेतकऱ्याला बियाण्याची कणगी काय असते, ते मी सांगायला नको.

कंटाळ्याने लेखक घडतो, असे मात्र मी म्हणत नाही. तसे असते तर आमच्या गावचा पार लेखकांनी भरून गेला असता! कंटाळा एवढेच करतो, की कान मोकळे करतो. एरवी जे ऐकू येत नाही, ते तेव्हा ऐकू येते. पण आपण तो कंटाळा टिकूच देत नाही. जरा जीव उबगला, की हात मोबाईलकडे जातो.

मीही काही शहाणा नव्हतो. लहानपणी झडीच्या दिवसांत माझी आजी वाल सोलता सोलता गोष्टी सांगे, आणि मी "पुरे गं आता" म्हणून दाराशी जाऊन पाऊस मोजीत बसे. पुढे एम.ए.ला लोककथा अभ्यासाला आल्या, तेव्हा तिची आठवण झाली. सुटीत वही घेऊन घरी गेलो. आजी होती; पण तिच्या गोष्टी तिला सोडून गेल्या होत्या. एका राजकन्येच्या गोष्टीचा शेवट मला आजही ठाऊक नाही.

आपल्याकडे हे काम कुणी केलेच नाही, असे नाही. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' हा संग्रह केला. पण गुरुजी प्रत्येक घरी कसे पोचणार? तुमच्या घरची गोष्ट तुम्हीच उतरवली पाहिजे.

तेव्हा पुढच्या झडीच्या दिवशी, किंवा पौषातल्या लांबलचक रात्री, एवढे करून पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी बसा. एक गोष्ट ऐका, आणि झोपण्यापूर्वी दहा ओळींत लिहून ठेवा. शुद्धलेखनाची चिंता नको. सांगणाऱ्याचा शब्द बदलू नका. आजी 'व्हतं' म्हणाली असेल तर 'व्हतं'च लिहा. शिक्षकांनी 'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधाऐवजी मुलांना हेच काम द्यावे. आणि वहीवर तांबड्या शाईच्या खुणा करू नयेत.

या टिपणातून तुमची कथा केव्हा उगवेल, ते सांगता येत नाही. न उगवली तरी गोष्ट तर राहील.